खाडीच्या पाण्याची बाटली

माणिकदादाला निघण्याआधी एक फोन करता आला असता. पण नाही! कोकणातून दीड दिवस प्रवास करून माझा हा थोरला भाऊ सरळ लखनौला इंदिरा नगरच्या आमच्या दारात उभा, आणि पिशवीत काय, तर खाडीच्या पाण्याची दोन लिटरची बाटली. माझ्या जुईने झाकण उघडून हुंगलं आणि नाक दाबलं. "मामा, इसमें से तो बदबू आ रही है," म्हणाली. दादाला त्याचाच आनंद झाला.

गेल्या मंगळवारी खाडीतल्या पिंजऱ्यांतले त्याचे जिताडे पोट वर करून तरंगले. सगळेच्या सगळे. दोन वर्षं पोरांसारखे वाढवलेले मासे. वरच्या अंगाच्या कारखान्याने काळं पाणी सोडलं, हे अख्ख्या गावाने पाहिलं. पण सोमवारी तालुक्याला सुनावणी, आणि साहेब म्हणतात, पुरावा आणा. दादाने विचार केला, बहीण लखनौला पाण्याच्या लॅबमध्ये आहे, मग अडलंय कुठं?

अडलंय कुठं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? पाण्यातला ऑक्सिजन संपला की मासा मरतो. तो मोजायचा तर बाटली काठोकाठ भरून, हवा लागू न देता, तिथल्या तिथं त्यात औषध घालावं लागतं. दादाने बाटली अर्धीच भरली होती. शिवाय पाणी कोंदून खराब होऊ नये म्हणून प्रत्येक मोठ्या स्टेशनवर झाकण उघडून त्याला वारा दिला होता. हे त्याने इतक्या कौतुकाने सांगितलं की मला रडू फुटायचंच बाकी होतं. रागही आला, पण त्याचा नाही, स्वतःचाच. पंधरा वर्षं किनाऱ्यावरून आलेल्या सीलबंद बाटल्या तपासतेय मी, पण घरच्यांना कधी एका शब्दाने सांगितलं नाही की पाणी कसं भरतात.

तरी त्याला गोमती नगरच्या लॅबमध्ये घेऊन गेले. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. यंत्राची कांडी बाटलीत सोडली. ऑक्सिजन सहा पॉइंट एक. चारच्या वर मासा मजेत जगतो.

"किती वाईट आहे?" दादाने विचारलं.

"चांगलं आहे, दादा."

मग त्याला सगळं समजावलं. हा आकडा खाडीचा नाही, वाटेतल्या हवेचा आहे. असा कागद दिला तर सुनावणीत कारखानावालेच तो नाचवतील. आणि आता पुन्हा पाणी भरूनही उपयोग नाही, ते काळं पाणी भरती-ओहोटीबरोबर केव्हाच समुद्रात गेलं. दादा मान खाली घालून ऐकत होता. माझा जीव तीळ तीळ तुटत होता.

"तुझ्या मशीनचं काहीतरी चुकतंय," तो शेवटी म्हणाला. "पुन्हा मोज."

मी उरलेलं पाणी भांड्यात ओतलं. ओतताना त्याला आणखी हवा लागली. सहा पॉइंट चार आलं.