आठशे बावीस लिफ्ट

१९८६ च्या फेब्रुवारीत आमच्या कार्यालयात एक परिपत्रक आले. प्रत्येक कार्यालयाने संगणकीकरणाचा पंचवार्षिक आराखडा मार्चअखेरपूर्वी सादर करावा, असा त्याचा आशय होता. उपनगरांतील इमारतींच्या लिफ्ट तपासणे, लिफ्ट योग्य असेल तर तसा दाखला देणे आणि नसेल तर ती बंद करणे हे आमचे काम. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, आमचे कार्यालय होते. त्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती.

आराखडा लिहिण्याचे काम उपअभियंता म्हणून माझ्याकडे आले. कार्यालयप्रमुख शिवदास नाबर आणि मी टेक्निकल कॉलेजात एका बाकावर बसलेलो, त्यामुळे हुकूमही त्याच थाटात झाला.

"कर्णिक, तुला तक्ते काढायची हौस आहे ना? मग काढ. पण पहिल्याच वर्षात यंत्र आलं पाहिजे. मी सत्त्याऐंशीत रिटायर होतोय. नारळ माझ्या हातून फुटू दे, यार."

परिपत्रकासोबत एक नमुना जोडलेला होता. त्यातील सातव्या रकान्याचे शीर्षक होते : 'कमी करता येणारी पदे'. तो रिकामा ठेवणारा आराखडा परत येतो, असे नाबरने बजावले होते. मी पेन्सिलीने तेथे 'एक' लिहिले.

ते एक पद काशीराम घाडी यांचे होते. अभिलेख कक्षात फाइली काढून देणारे आणि परत लावणारे परिचर. मालवणकडचे, वय पन्नाशीच्या आसपास. आधी गिरणीत होते. संपानंतर गिरणीचे फाटक उघडले तेव्हा आत घ्यावयाच्या लोकांच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. आमच्याकडे त्यांची नेमणूक तात्पुरती होती आणि दर मार्चअखेर तिला मुदतवाढ घ्यावी लागे. फाइल मागितली की ते हटकून विचारीत, "घाटकोपरची की बोरिवलीची?" गप्पा मारण्याची ही त्यांची रीत आहे, अशी माझी दोन वर्षे समजूत होती. आकडा सांगितल्यावर आणखी गावाचे नाव कशाला?

आराखड्याला पुरावा हवा म्हणून मी एक लहान प्रयोग ठरवला. सगळ्या फाइली लाल फिती सोडून क्रमांकवार लावायच्या, प्रत्येकीतील क्रमांक, शेवटच्या तपासणीची तारीख आणि निकाल छापील तक्त्यावर उतरवायचा, आणि ते तक्ते संगणक केंद्राकडे पाठवून यादी छापून आणायची. उतरवण्याचे काम अनुपमा देवस्थळीने केले. ती कनिष्ठ लिपिक होती, नुकताच संगणकाचा वर्ग पूर्ण केलेली.

पहिल्याच दिवशी काशीराम दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, गाठी सोडू नका."

"फिती बदलून देऊ की नव्या."

"फितीचा नाय म्हणत मी."

"मग?"

एवढ्यात नाबरने हाक मारली, मी उठलो आणि ते बोलणे तेथेच राहिले. पुढे विचारायचे माझ्या लक्षातही आले नाही.

तीन आठवड्यांनी यादी आली. फाइली तीन हजार एकशे चाळीस होत्या, यादीत लिफ्ट भरल्या दोन हजार तीनशे अठरा. एक क्रमांक दोनदा आला की जुनी तारीख गाळून नवी ठेवायची, असा नियम मीच केंद्राला लिहून दिला होता. म्हणजे यंत्राने आठशे बावीस दुबार फाइली शोधून काढल्या होत्या. मला फार आनंद झाला. 'अभिलेखातील सव्वीस टक्के भार अनावश्यक असल्याचे सिद्ध झाले आहे. सबब परिचराचे पद कमी करता येईल,' हे वाक्य मी स्वच्छ अक्षरात लिहिले आणि मसुदा टंकलेखनाला पाठवला. आराखडे तपासणाऱ्या समितीची मंत्रालयातील बैठक शुक्रवारी होती.

बुधवारी दुपारी काशीराम माझ्या टेबलाजवळ आले. छापील यादी त्यांच्या काखेत होती.

"साहेब, ही आठशे बावीस लिफ्टी खंय गेली?"

"गेल्या नाहीत, काशीराम. त्या दुबार होत्या."

"दुबार कशी? ह्यो तीनशे बारा बघा. एक तीनशे बारा घाटकोपराक आसा, एक बोरिवलीक. हयसर एकच."

मग त्यांनी सांगितले ते असे. एकोणऐंशी साली हे कार्यालय शहराच्या कार्यालयातून वेगळे झाले. शहराकडून आलेल्या फाइलींचे क्रमांक तसेच राहिले आणि येथे नव्या लिफ्टना पुन्हा एकपासून क्रमांक दिले गेले. जुन्यांना नवे क्रमांक द्यावेत, असा आदेश होता. तो कोणी पाळला नाही. काशीराम आले तेव्हा दोन्ही ढीग एकमेकांत मिसळले होते. त्यांनी एकेक फाइल वाचून ते वेगळे केले आणि खूण म्हणून जुन्या फाइलीच्या फितीला निरगाठ मारली, नव्या फाइलीच्या फितीला सुरगाठ. कोणी सांगितले नव्हते, म्हणून कोठे लिहिलेही नव्हते.

"आणि त्या गाठी मी सोडायला लावल्या," मी म्हणालो.

काशीरामांनी यादीची घडी घातली. नंतर म्हणाले, "मसुदो टायपाक मीच नेललंय, साहेब. वाचलंय सगळो."

सातवा रकाना त्यांनी वाचला होता. तरीही ते यादी घेऊन आले होते.

"मग हे मला कशाला सांगितलंत? गप्प बसला असतात तर मी तोंडावर पडलो असतो."

"तुमी पडला असतास, ता दिसला असता. पण लिफ्ट पडली तर? तीत मानसा आसतत," ते म्हणाले.

मला खात्री करून घेणे भाग होते. त्याच दुपारी बस पकडून घाटकोपरला गेलो. फाइलीप्रमाणे तेथील तीनशे बारा क्रमांकाची लिफ्ट आम्ही नोव्हेंबरात बंद केली होती, कारण तिच्या दोराचे पदर तुटले होते. यादीत मात्र जानेवारीची तारीख आणि 'योग्य' असा निकाल होता. तो बोरिवलीच्या लिफ्टचा होता. इमारतीत शिरलो तर चौथ्या मजल्यावरच्या नलिनीबाई, सोसायटीच्या चिटणीस, भाजीची पिशवी घेऊन जिन्यातच भेटल्या. माझ्या हातातील यादी त्यांनी जवळजवळ हिसकावून घेतली.

"तीनशे बारा... योग्य! अहो, म्हणजे पास झाली ना आमची लिफ्ट? चार महिने गुडघ्यांची वाट लागली हो! लिहिलंय ना इथे? मग करू का चालू?"

"नाही, नाही! हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की वरच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडले.

"मग हे काय छापलंय?"

"चूक छापली आहे. माझी चूक आहे."

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "सरकारी माणूस घरी येऊन चूक कबूल करतो म्हणजे दोर नक्कीच तुटलेला असणार."

गुरुवारी सकाळी मी नाबरपुढे नवा मसुदा ठेवला. पहिल्या वर्षी यंत्र नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक लिफ्टला, जागेवर पडताळून, एकच नवा क्रमांक द्यायचा. यंत्र दुसऱ्या वर्षी. आणि सातव्या रकान्यात 'शून्य'.

नाबरने चष्मा काढला. "पहिल्या वर्षी नुसते आकडे घालणार? हा संगणकाचा आराखडा आहे की बारशाचा?"

"यंत्र आधी आणलं तर ते बंद लिफ्टला दाखला छापून देईल. काल देणारच होतं."

"आणि माझा नारळ?"

"तो दाखला तुझ्या सहीनं गेला असता, शिवदास."

त्याने सातव्या रकान्यावर बोट ठेवले. "शून्य बघून परत पाठवतील."

"पाठवू देत. पण काशीराम गेले तर क्रमांक कोण देणार? मला येत नाही. तुला येतं?"

"तू बोल मग उद्या. मी शेजारी बसेन, पण तोंड उघडणार नाही," नाबर म्हणाला.

शुक्रवारी समितीच्या अध्यक्षांनी पहिले पान उलटताच विचारले, "पहिल्या वर्षात यंत्र का नाही?" मी त्यांच्यासमोर तीनशे बारा क्रमांकाच्या दोन फाइली आणि यादीतील एक ओळ ठेवली. दुबार क्रमांकांचा नियम माझाच होता, हेही सांगितले. त्यांनी दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवून वाचल्या.

"हे कोणाच्या लक्षात आलं?"

"आमच्या अभिलेख परिचरांच्या. आधीच्या मसुद्यात त्यांचंच पद कमी होणार होतं."

आणि तेव्हा, तोंड न उघडण्याचे ठरवून आलेला नाबर म्हणाला, "साहेब, तो माणूस नसेल तर हा आराखडा मी सही करून देणार नाही."

यंत्र दुसऱ्या वर्षी देण्याचे समितीने मान्य केले. क्रमांकांचे काम मात्र नऊ महिन्यांत संपले पाहिजे, असा शेरा मारला. काशीराम कायम झाले नाहीत. ते समितीच्या हातात नव्हते. पण आराखड्याच्या पाचही वर्षांसाठी त्यांचे पद मंजूर झाले. दर मार्चची धास्ती गेली.

सोमवारी काशीराम, अनुपमा आणि मी अभिलेख कक्षात बसलो. नव्या क्रमांकांची माझी पद्धत मी शनिवारीच आखून ठेवली होती : वर्ष, मग अनुक्रम. काशीरामांनी ती मान्य केली नाही. आधी उपनगर, मग रस्ता, मग इमारत. निरीक्षक ज्या वाटेने जातो त्या वाटेने आकडा गेला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. अनुपमा माझ्याकडे बघून हसली.

"सर, त्यांचंच बरोबर आहे. यंत्राला काय, कसंही चालतं."

मी माझा तक्ता घडी घालून खिशात ठेवला. काशीराम पत्ता सांगत होते, मी लिहीत होतो, अनुपमा पडताळत होती. जागेवरची खात्री निरीक्षक आपल्या फेरीत करणार होते. साडेपाचपर्यंत एक्केचाळीस फाइली झाल्या. सवयीने मी भागाकार केला.

"या वेगाने सत्त्याहत्तर दिवसांत कागदाचं काम संपेल. नऊ महिने लागणारच नाहीत."

"आनि मगे?" काशीरामांनी विचारले.

"मग यंत्र येईपर्यंत अनुपमाबाई तुम्हाला त्याचं काम शिकवतील. यादी ज्याला वाचता येते, त्यानंच ती भरावी."

त्यांनी अनुपमाकडे पाहिले. ती गंभीरपणे मान हलवीत होती.

"शिकतलंय," ते म्हणाले आणि बेचाळिसावी फाइल त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "बोरिवली, साहेब. लिवा."