सोनिकाची जागा

दुपारची सामसूम होती. आयुषचे डोळे पाळण्यात नुकतेच मिटले होते. तेवढ्यात फळीवरच्या डब्याचं झाकण खणकन खाली पडलं आणि फरशीवर किती तरी वेळ गरगरत राहिलं. फळीजवळ कोणी नव्हतं. कामिनीनं धावत जाऊन झाकणावर पाय ठेवला. लेकरू दचकलं, पण उठलं नाही.

ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या तिच्या सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, सूप खाली ठेवलं.

"आज नको जाऊ वं कामिनी. शनवार हाये."

"शनिवारीच तर वर्ग असतो, आई."

"वर्ग असते ते मालूम हाये मले. त्या वर्गात तू कोणाले घेऊन बसतं, तेही साऱ्या गावाले मालूम हाये." रुखमाबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "लेकुरवाळी बाई तू. अंगावर दूध हाये. अशा बाईच्या मागं लागते ते."

कामिनीनं झाकण उचलून डब्यावर बसवलं. तिचं माहेर नागपूरचं, जरीपटक्याचं. तिथं भूत म्हटलं की लोक हसतात, निदान दिवसा तरी. नर्सिंग शिकून ती जितेंद्रशी लग्न करून कुहीकडच्या या धानाच्या गावात आली. जितेंद्र मौद्याला वीज प्लांटवर शिफ्टनं जायचा. आयुष चार महिन्यांचा झाला, तेव्हा तिनं गावातल्या मुलींसाठी अंगणवाडीच्या खोलीत वर्ग सुरू केला. पाळी कशी येते, पोट कसं राहतं, कोणी अंगाला हात लावला तर कोणाला सांगायचं. आया सुरुवातीला म्हणाल्या, "लग्नाच्या आधी हे काहून सांगता पोरीयले?" पण लोहाच्या गोळ्या आणि शेंगदाण्याची चिक्की मिळते म्हटल्यावर पोरी आल्या.

पहिल्याच दिवशी कामिनीनं पाहिलं. पोरी सतरंजीवर गोलात बसल्या, पण खिडकीकडच्या बाजूला एक जागा मोकळी सोडून. तिला वाटलं, कोणी मागून येणार असेल.

"सरकून बसा ना गं. ही जागा कोणाची?"

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मिनल नावाची त्यातली थोराड पोरगी म्हणाली, "सोनिकाची हाये ताई."

सोनिका होळीच्या सुमारास गेली होती. दहावीतली पोर. "पोटात गाठ झाली होती," असं तिच्या घरच्यांनी सांगितलं आणि साऱ्या गावानं तेच म्हटलं. गाठ कसली ते मात्र विहिरीवरच्या बायांनाही ठाऊक होतं. बाहेरून कडी घातलेल्या दारामागं ती दिवसभर ओरडत होती, आणि सांजेला थांबली. त्या दिवसांत कामिनीलाच सातवा महिना सरत आला होता. रुखमाबाईंनी तिला आतल्या खोलीतून बाहेर पडू दिलं नाही, की त्या वाटेची सावली नको. तिनं फक्त ऐकलं. तिरडी गेली, आणि मागून येणाऱ्या बायांनी मसणापासून दारापर्यंत राळे सांडले. बाळंतपणात मेलेली बाई घरी परतायला निघते, पण राळ्याचा दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला पाऊल टाकता येत नाही. वेचता वेचता उजाडतं, आणि ती माघारी जाते. गाव असं मानायचं. पोरींनी मात्र तिला येऊ दिलं होतं. सतरंजीवर जागा ठेवून.

वर्गात कामिनी म्हणाली, "कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा." सगळ्या माना खाली. मग एक कुजबूज निघाली. या कानातून त्या कानात, त्यातून पुढच्या कानात, मोकळ्या जागेला वळसा घालून, मिनलपर्यंत. आणि मिनलनं तोंड उघडलं.

"ताई, सोनिका विचारून राहिली, एकाच बारीनं पोट राहू शकते का?"

कामिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. तरी ती त्या मोकळ्या जागेकडे पाहून म्हणाली, "हो. एका वेळेनंही राहू शकतं."

तेव्हापासून तसंच चाललं होतं. कुजबूज कुठून निघाली हे कोणालाच सांगता येत नसे. सोनिका विचारायची, पाळी सुरू व्हायच्या आधीही राहू शकते का. सोनिका विचारायची, कच्ची पपई खाल्ली की पडून जाते म्हणतात, खरं का. कामिनी सांगायची. पहिली पाळी यायच्या थोडं आधीही दिवस राहू शकतात. पपईनं काही होत नाही, आणि असल्या कशाकशानं पोरगी मात्र मरू शकते. तुमची हाडं अजून वाढताहेत, कंबरेची वाट अजून अरुंद आहे, अंगात रक्त कमी आहे. म्हणून अठराच्या आतलं बाळंतपण जिवावर येतं. यात चूक पोरीची नसते, मोठ्या माणसाची असते. दहा अठ्ठ्याण्णव या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन लावला तर तिकडचे लोक ऐकून घेतात. पोरी मोकळ्या जागेकडे बघत ऐकायच्या, जणू हे सगळं तिलाच सांगणं चाललंय आणि त्या आपल्या सहज सोबतीला बसल्यात.

चिक्कीचा एक तुकडाही तिच्यापुढं ठेवला जायचा. वर्ग सुटताना तो तिथं नसायचा. कोण उचलतं, हे कामिनीनं विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची तिची छाती झाली नाही.

आज आयुषला पाजून, पदर सारखा करून ती निघाली. धान कापून झालं होतं. शेतातल्या उघड्या बांध्यांमध्ये पाण्याच्या डबक्यांत बगळे उभे होते. अंगणवाडीत पोरी केव्हाच्या बसल्या होत्या, जागा सोडून. गोळ्या वाटून झाल्या, चिक्की वाटून झाली, आणि कुजबूज निघाली.

आज ती फार सावकाश फिरली. दोन ठिकाणी अडली. मिनलनं ऐकलं आणि जराशी हसली.

"ताई, सोनिका म्हणते, तिचे पाय सुजून राहिले. चप्पल चढत नाही. डोकं ठणकते, आन् डोळ्यापुढं काजवे चमकतात."

एक जण फिसकन हसली, "पाय सुजले? सरळे का उलटे वं?"

"चूप बस, तुह्या उरावर बसन ती!"

हसू उसळलं आणि तिथंच विझलं, कारण कामिनी हसली नव्हती. मेलेली काहीही विचारू शकेल, पण तिचे पाय सुजत नाहीत. मेलेलीला चिक्कीची भूक लागत नाही. ही खूण कामिनी पुस्तकातून शिकली होती, दवाखान्यात डोळ्यांनीही पाहिली होती. दिवस भरत आलेल्या बाईचे पाय सुजतात, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढं काजवे येतात, आणि मग झटका येतो. त्यानंतर फार वेळ हाती राहत नाही.

या गोलात कोणी तरी जिवंत पोरगी सोनिकाच्या नावाआड बसली होती.

कामिनीनं एकेकीकडे पाहिलं. सगळ्यांच्या ओढण्या छातीवरून पोटावर लोंबत होत्या. सगळ्यांचे पाय मांडीखाली दडलेले. उभ्या राहा म्हटलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. पण साऱ्या गोलालाही कळलं असतं, सांजेपर्यंत गावाला, आणि उद्या त्या पोरीच्या दाराला बाहेरून कडी लागली असती. एक कडी कामिनीनं ऐकली होती.

ती उठली आणि त्या मोकळ्या जागेजवळ जाऊन मांडी घालून बसली. पोरी आपोआप मागं सरकल्या. कोणी तरी "आई वं!" म्हणालं. खिडकी बंद होती, तरी तिथली सतरंजी गार लागत होती.

"सोनिका," कामिनी हलकेच म्हणाली. आयुषला निजवताना तिचा आवाज असा व्हायचा. "तुझं खरं नाव काय ते मी विचारणार नाही. कोणी केलं तेही आज विचारणार नाही. तुझी काही चूक नाही, बेटा. पण पाय सुजले, काजवे दिसले, म्हणजे आता थांबायचं नाही. वर्ग सुटला की मी इथंच बसून राहीन. दार नुसतं लोटलेलं असेल. तू ये."

पोरी गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला. कामिनी एकटी राहिली.

उन्हाची तिरीप भिंतीवरच्या अक्षरांवरून सरकत गेली. आयुषची भुकेची वेळ टळली आणि तिचं ब्लाउज ओलं झालं. लेकुरवाळीच्या मागं लागते, सासूचे शब्द आठवले, तिनं पदर घट्ट गुंडाळला. बाहेर पावलं वाजली. दाराशी आली, थांबली, परत गेली. पुन्हा आली. भिंतीला काही तरी घासत चालल्याचा आवाज खोलीभोवती एक फेरी मारून आला. जिवंत पोरगी येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान वळवायचं तिला धाडस होईना.

दार करकरलं.

आधी टाचा आत आल्या.

सुजलेल्या, अनवाणी टाचा. उंबऱ्यावरून एक, मग दुसरी. त्यांच्यामागून पाठ, पाठीवर डोक्यावरून सोडलेली ओढणी. चेहरा नव्हताच. उलट्या पावलांनी ती सावकाश आत येत होती. कामिनीच्या तोंडून किंकाळी निघणार होती. तिनं मूठ चावून ती दाबून धरली.

ती आकृती भिंतीला टेकली आणि मग वळली. गोपिका होती. चौदावं लागलेली, वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"अशी काय आलीस गं?" कामिनीनं विचारलं.

"पुढून चाललं तं दिसते ताई," गोपिका म्हणाली. "रस्त्यात कोणी आलं का मी पाठ करतो. आता तशीच सवय झाली." मग घाईनं, "मी नाही हो. सोनिकानं पाठवलं मले."

"हो. मग सोनिकाला कुठं कुठं दुखतं, ते सांग."

गोपिकानं बरगडीखाली हात ठेवला. कामिनीनं तिचे पाय हातात घेतले. बोट दाबलं तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. तिनं रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन लावला. तोवर दार पुन्हा उघडलं होतं. गोपिकाची आई वच्छला दारात उभी होती, धापा टाकत, ओच्यात काही तरी मुठीनं धरून.

"चाल घरी. मारोतराव येऊन बसले."

मारोतराव गावाचे देवऋषी. कामिनीनं गोपिकाचा हात सोडला नाही.

"काकू, हिला दवाखान्यात न्यायला पाहिजे. आत्ता."

"काही नाही झालं तिले. सोनिका बसली पोटात. उन्हाळ्यात मौद्याले पाठवली होती हिच्या मावशीकडं, तवा मसणाच्या वाटेनं गेली पोरगी. तिथूनच लागली. मारोतराव म्हणे, आज उतरवून देतो. मी तं रोज सांजेले राळे टाकतो उंबऱ्यावर." वच्छलानं ओचा उघडून दाखवला. बारीक पिवळे दाणे. त्यातले काही खाली सांडले आणि ती ते वेचायला वाकली. दाणा न् दाणा.

कामिनी तिच्यापुढं उकिडवी बसली.

"काकू, सोनिकाच्या आईलाही असंच कोणी तरी, पोरीच्या पोटात गाठ आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

वच्छलाचा हात थांबला.

"सोनिकाचेही पाय सुजले होते का?"

वच्छलानं वेचलेले दाणे ओच्यात सोडले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "असेच. हंड्यासारखे. मी स्वतः तेल चोळलं होतं तिच्या पायाले." तिनं लेकीच्या पायांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात असं काही होतं की कामिनीनं नजर वळवली. "वाचन का वं ही?"

"आज नेलं तर वाचेल. जे उतरवायचं ते डॉक्टर उतरवतील. मी सोबत आहे. पोलीस येतील, विचारतील, तेव्हाही मी सोबत असेन."

"गाव काय म्हणन?"

"म्हणू द्या, काकू."

वच्छलानं ओचा झटकला. राळे सतरंजीभर विखुरले. मग तिनं लेकीला कवेत घेतलं आणि पुढून, सरळ, साऱ्या गल्लीच्या देखत चालवत नेलं. देवळाच्या पारावरून कोणी तरी विचारलं, "काय झालं वच्छला?" ती थांबली नाही. कामिनीनं वाटेत भेटलेल्या मिनलला रुखमाबाईंकडे धाडलं. आयुषला वाटीनं दूध पाजा, उशीर होईल.

गाडीतल्या माणसानं गोपिकाच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "दाब जरा." सुई टोचल्यावर पोरगी गुंगली. एक हात आईच्या हातात होता, दुसरा कामिनीच्या. आई सारखी पुटपुटत होती, "झोपू नको मा, झोपू नको." मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, घाईघाईनं दोन-तीन जणींना हाका मारल्या. मग कामिनीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही. बरं झालं आणलंत."

कामिनी खाटेजवळ परत आली तेव्हा गोपिकानं डोळे उघडले होते. खिडकीतून गाड्यांचे दिवे दिसत होते, उजेड अजून पुरता गेला नव्हता.

"हे नागपूर हाये?"

"हो बेटा."

"आलं पण?" ती खिडकीकडे पाहत राहिली. "मले वाटलं, लय लांब राहते दवाखाना. रात्रभर जा लागते." तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. पाळण्यातलं लेकरू न समजलेल्या आवाजाकडे पाहतं, तसं तिनं आधी आईकडे, मग कामिनीकडे पाहिलं. वच्छलानं पदर तोंडात कोंबून भिंतीकडे तोंड फिरवलं.

"इतक्या जवळ होता, तं मंग सोनिकाले काहून नाही आणलं ताई, कोणी?"