तळतळाट कुणावर

उदयसिंहाने गुलालाची पुडी गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवली, तरी शालूबाईने मान वर केली नाही. म्हशीखाली बसून ती धार काढतच राहिली.

“जोतिबाचा गुलाल हाय, अक्का. हातात घे आन् म्हण, माझा तळतळाट मागं घेतला. दुसरं काय मागत न्हाय.”

सख्खा भाऊ दोन वर्षांनी राजारामपुरीहून गडमुडशिंगीला आला, तो यासाठी! त्याच्या सुनेचं दुसऱ्यांदा पोट पडलं होतं, आणि कुणा देवऋष्यानं बहिणीचा तळतळाट सांगितला होता. त्याच्या मुलाच्या, शार्दूलच्या लग्नात मानपानावरून बहीणभावाचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. ते इतकं, की आईची माती झाल्याचं शालूबाईला दुसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत कळलं. तो संताप अजून विझला नव्हता, आणि का विझावा?

“तळतळाट म्हंजे काय, ठावं हाय तुला?” तिने कास सोडली. “तोंडानं देत्यात तो शाप. त्यो माघारी घेता येतोय. तापल्या तेलात टाकल्यागत जीव तळतळाय लागला, की आपसूक उठतोय त्यो तळतळाट. त्याला गुलाल काय करणार?”

“म्हंजे तुझा हाय की!”

“तुझ्या नावानं बोटं मोडली, तळपट हुईल म्हटलं. शाप हुता त्यो, तोंडचा. जा, घेतला मागं! त्या पोरीचं तर मी कधी वाईट चितलं न्हाय.” तिचा आवाज चढला. “आन् आईचं काय? दवाखान्यात माझी वाट बघून तिचा जीव तळतळला नसंल व्हय रं?”

उदयसिंहाचा चेहरा पडला.

“तुला कुणी सांगितलं?”

“काय?”

“सारखी दाराकडं बघायची. अक्का आली का, म्हणायची.” तो पुडीशी चाळा करू लागला. “मी म्हटलं, निरोप धाडलाय. तीच येत न्हाय.”

म्हणजे निरोप धाडलाच नव्हता! आईने शेवटी डोळे मिटले, ते लेक बोलावूनही आली नाही असं समजून.

“ऊठ,” ती म्हणाली. “ऊठ हितनं!”

तो गेला. पुडी कट्ट्यावरच राहिली. तिने पुन्हा कासेला हात घातला. कास भरलेली होती, पण म्हशीने पान्हा चोरला होता.

“दे की गं बाई,” शालूबाई म्हणाली, “माझा काय गुन्हा हाय?”