पेट्यांचं पाणी

सासऱ्यांनी ट्रकवर मधमाश्यांच्या पेट्या चढवल्या तेव्हा सूनबाईला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. उन्हं वर यायच्या आत घाट चढून जायचं आणि वाटेत कुठेही थांबायचं नाही. दारं बंद केलेल्या पेट्यांना चालत्या गाडीचा वारा लागतो तोवर माश्या तग धरतात. गाडी उन्हात उभी राहिली की आतलं मेण मऊ पडतं आणि सगळा संसार गुदमरून मरतो.

पण रात्री वाटेत पुलाचं काम निघालं आणि सगळं गणित फिसकटलं. आता उन्हं चांगली डोक्यावर यायला लागली होती आणि ट्रक अजून अर्ध्या घाटातच होता. वर माथ्यावर सूर्यफूल फुललं होतं. नवरा पेट्या ठेवायच्या तिवया घेऊन कालच पुढे गेला होता आणि दर थोड्या वेळानं फोन करून "कुठवर आलात?" म्हणून जीव खात होता.

"का गं हळू झालीस?" सासरे म्हणाले.

"पुढे ट्रेलर आहे, बाबा."

"मग टाक मागे त्याला."

"वळणावर? आपल्याला वर जायचंय, थेट वरती नाही."

एरवी या उत्तरावर सासरे हसले असते. आज ते नुसते खिडकीबाहेर डोकं काढून मागचा आवाज ऐकत बसले.

सूनबाईचं लक्ष मात्र गिअरबॉक्सचं तेल किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्यावर खिळलं होतं. डाव्या पायाचा घोटा मोडल्यापासून तिला क्लच दाबवत नव्हता, म्हणून नवऱ्यानं जुना ट्रक विकून हा ऑटोमॅटिक गिअरचा घेतला होता. सासऱ्यांना तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. "गिअर आपापले पडतात म्हणे! मग तुम्ही तरी कशाला बसता त्यात? एकटाच पाठवून द्या त्याला." सूनबाईचा मात्र त्या गाडीवर जीव होता आणि तिच्या खोडीही तिला पाठ झाल्या होत्या. या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचा जोर तेलातून चाकांकडे जातो. गाडी धड वेगात असली की तेल शांत असतं. पण चढावर जड ओझं घेऊन रांगायला लागलं की ते आतल्या आत नुसतं घुसळतं आणि तापतं. फार तापलं की करपतं, आणि मग गाडी चढावर बसते ती बसतेच.

तेलाचा काटा लाल पट्ट्याला टेकायला आला होता. एवढ्या चढाला तो इतका चढायला नको होता, हे तिला कळत होतं, पण का चढतोय ते कळत नव्हतं. तिनं गिअर खालच्या आकड्यावर अडकवून ठेवला, एसी बंद केला आणि हीटर पूर्ण उघडला.

"हीटर?" सासरे किंचाळलेच. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"पुढची उष्णता थोडी इकडे ओढून घेतो तो. सोसा जरा."

सासऱ्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. ट्रेलर पुन्हा थांबला, पुन्हा हलला. तिनं पाय अलगद दाबला. गाडीनं एक हिसका दिला आणि केबिनमध्ये करपल्यासारखा वास आला. समोर लाल दिवा लागला.

पुढच्या वळणावर रस्त्याकडेला थोडी सपाट जागा होती. तिनं गाडी तिथे घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन तसंच चालू ठेवून त्याचा वेग थोडा वाढवला.

"थांबलीस?" सासऱ्यांचा पारा चढला. "मारलंस त्यांना! अगं, थांबलीस तर थांबलीस, ते इंजिन तरी बंद कर. धग लागतेय मागे!"

"बंद केलं तर तेल फिरायचं थांबेल. गरम तेल जागच्या जागी करपेल आणि आपण संध्याकाळपर्यंत इथेच. मग एकही पेटी वाचायची नाही."

"तुला काय कळतं माश्यांतलं?"

"माश्यांतलं नाही कळत. गाडीतलं कळतं. आत्ता मला बघू द्या."

थट्टा वेगळी, पण सासऱ्यांना इतक्या वर्षांत तिनं असं तोडून उत्तर दिलं नव्हतं. ते तसेच मागे पेट्यांकडे धावले. ती लंगडत पुढे गेली, वाकून समोरच्या जाळीतून आत पाहिलं आणि तिला सगळा उलगडा झाला.

आतल्या बाजूला मच्छरदाणीचं काळं कापड ताणून बांधलं होतं. रात्री पेट्या चढवताना चुकार माश्या दिव्यांकडे झेपावतात आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर आत ओढल्या जाऊन मरतात. त्यांना वाचवायला सासऱ्यांनीच अंधारात गुपचूप बांधलेलं होतं ते. गाठ त्यांचीच होती, दोनदा पिळलेली. घाटाच्या वाटेवर त्या कापडाला धूळ, गवताची कुसळं, पतंगांचे पंख असा थर बसला होता की त्यातून वारा जाणं शक्यच नव्हतं. आणि त्याच्या लगेच मागे तेल थंड करणारी जाळीदार टाकी होती.

तिनं ते कापड ओरबाडून काढलं. क्षणभर तिला वाटलं, जावं आणि म्हाताऱ्यांच्या नाकासमोर धरावं. पण मागे ते पेटीला कान लावून उभे होते. तिनं कापडाचा बोळा केला आणि सीटखाली कोंबला.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"कचरा अडकला होता समोर. काढला."

"मग चल!"

काटा खाली यायचं नाव घेत नव्हता. मागे पेट्यांचा आवाज बदलला होता. सकाळी नुसती घुंघुं होती, आता त्या गर्जत होत्या. तारेच्या खिडक्यांना माश्या आतून थरावर थर चिकटल्या होत्या. सासऱ्यांनी पाण्याचा कॅन खाली उतरवला. पेट्यांवर शिंपडायला आणलेलं एवढंच पाणी होतं.

सूनबाई कॅनवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, हे मला द्या."

"हे यांचं आहे."

"माहीत आहे. पण त्यांच्यावर शिंपडलं तर थोडा वेळ मिळेल आणि गाडी इथेच राहील. टाकीवर ओतलं तर तेल लवकर उतरेल आणि आपण निघू."

"अर्धं अर्धं करू."

"अर्ध्यानं दोन्हीकडचं काम बिघडेल."

"खात्रीनं सांगतेस?"

तिला हो म्हणायचं होतं. "नाही," ती म्हणाली. "खात्री नाही."

सासऱ्यांनी पेट्यांकडे पाहिलं. मग कॅन स्वतः उचलला, पुढे नेला आणि धार बारीक ठेवून टाकीवर ओतायला लागले. वाफेचा लोट उठला. ती स्टिअरिंगमागे बसून काट्याकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होती. काटा हलेना. मग हलला. लाल दिवा विझला तेव्हा कॅन पुरता रिकामा झाला होता.

ट्रेलर पुढे निघून गेला होता. मोकळा रस्ता मिळाला आणि तिनं गाडी एका वेगात धरली, ना कमी ना जास्त. सासरे खिडकीबाहेर कान देऊन बसले होते, आणि आवाज जरा उतरला की त्यांचे ओठ हलायचे.

माथ्यावर नवरा वाटच पाहत होता. सासऱ्यांनी धावत जाऊन पेट्यांची दारं एकेक करून उघडली. माश्या भसाभस बाहेर पडल्या, सैरभैर झाल्या, पण जिवंत होत्या. सूनबाईनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तिला रडूच कोसळलं.

मग दारं उघडण्याचा आवाज थांबला, म्हणून ती उतरली. केबिनला लागून ठेवलेल्या दोन पेट्यांपाशी सासरे उभे होते. दारं उघडी होती आणि त्यांतून काहीच येत नव्हतं. त्यांनी झाकण उचललं. आत माश्या काळ्या, ओल्या, एकमेकींना चिकटून पडल्या होत्या. त्या पेट्यांच्या बरोबर खाली गिअरबॉक्स होता.

"पाणी नाही मारलंत?" नवरा बायकोकडे वळला. "भरलेला कॅन दिला होता! आणि खाली गिअरबॉक्सचं तेल एवढं तापेपर्यंत तू काय झोपली होतीस?"

"समोर कचरा अडकला होता," ती म्हणाली.

"कचरा नव्हता," सासरे म्हणाले. "माझं कापड होतं. सीटखालून टोक बाहेर आलंय, गाठीसकट. घाटातच दिसलं मला." मग ते एकदम तिच्यावरच उखडले. "आणि तू कशाला लपवलंस? माझ्यासाठी खोटं बोलायला मी कुक्कुलं बाळ आहे?"

"तेव्हा सांगून काय उपयोग होता, बाबा?"

झाकण मांडीवर घेऊन ते जमिनीवरच बसले. नवरा काहीतरी बोलायला गेला, तिनं मान हलवून त्याला गप्प केलं आणि दुखरा पाय सरळ करून सासऱ्यांशेजारी बसली.

"सगळ्यात गरीब स्वभावाच्या होत्या या," ते म्हणाले. "गचके बसू नयेत म्हणून मुद्दाम पुढे ठेवलं होतं त्यांना. सगळ्यात चांगली जागा दिली होती गं मी."