डिसेंबरचा रंग

मित्रांनो, मी जमिनीतले तेल उपसणारा एक जुना पंप आहे. किती जुना, ते माझ्या कमरेवरच्या पितळी पाटीवर कोरले होते, पण ती पाटी केव्हाच रंगाखाली गाडली गेली. आमच्या भागात, माराकाइबो तळ्याच्या पूर्व काठावर, मला कोणी पंप म्हणत नाही. ‘माचीन’ म्हणतात. जमिनीकडे वाकायचे, वर यायचे आणि पुन्हा वाकायचे, एवढेच मला येते. उभ्या जन्मात दुसरे काही शिकलो नाही, आणि आता त्याचाही कंटाळा आला आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या ओतशाळेत झाला. तिथून मी सुटा सुटा, पेट्यांत भरून जहाजाने आलो आणि इथल्या उन्हात जोडला गेलो. पहिल्यांदा तेल वर आले तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या. एका बड्या माणसाने माझ्या खांबाला हात लावून फोटो काढून घेतला. पुढे माझ्यासारखे शेकडो झाले, आणि शेकडो जण एकच काम करू लागले की कोण कोणाला विचारतो? आम्ही तेल उपसत राहिलो. आमच्या उपशाने जमीन खाली बसत गेली. तळे वर आणि घरे खाली, अशी उलटी तऱ्हा झाली, आणि मध्ये भिंत बांधावी लागली. त्या भिंतीआड, एका घराच्या परसात मी उभा आहे.

ते घर एबेर्तोचे. एबेर्तो माझा राखणदार होता, म्हणजे कंपनीचा पगारी कामगार. सकाळी आला की तो माझ्या खांबावर थाप मारायचा आणि विचारायचा, “काय बाबा, कुठे दुखतंय?” मग ग्रीसची पिचकारी घेऊन माझ्या सांध्यासांध्याशी जायचा. प्रत्येक सांध्याजवळ एक छोटे पितळी निपल असते. त्यातून वंगण आत जाते. माझी आडवी तुळई ज्यावर वरखाली डोलते, त्या मानेजवळच्या बेअरिंगला दोन निपले आहेत, एक या अंगाला आणि एक त्या अंगाला. तिथे चढायला शिडी लागते. एबेर्तो कधी आळस करत नसे. माझ्या हलण्याने त्याच्या बायकोच्या, नेरेइदाच्या, फळीवरच्या बश्या किणकिणायच्या. कधी मी बंद पडलो तर शांततेने तिला जाग यायची. त्यांचा मुलगा एउदो माझ्याच ठेक्यावर पाळण्यात झोपला.

मग एका वर्षी मोठा संप झाला. संप मिटला, पण फाटकाबाहेर गेलेल्यांपैकी कितीतरी माणसांना कंपनीने पुन्हा आत घेतले नाही. ज्यांना आमची दुखणी कळत होती तीच नेमकी गेली. एबेर्तो राहिला, पण त्याच्या पिचकारीत भरायला वंगण येईना. मित्रांनो, पायाखाली तेलाचा साठा आणि माझे सांधे कोरडे. गावातले लोक पेट्रोलसाठी रांगा लावून गाडीतच झोपत. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्यासाठीच केली असावी. एबेर्तो रिकामी पिचकारी घेऊन यायचा, थाप मारायचा आणि काही न विचारता परत जायचा. एका पावसाळ्यात तो वारला. त्यानंतर वीज गेली, मग माझी तांब्याची तार गेली, मग पट्टा गेला. तो पट्टा पलीकडच्या गल्लीत झोपाळ्याला बांधलेला मी पाहिला आहे. मला राग आला नाही. निदान कुणीतरी झुलत होते.

एउदो पोट भरायला चिलीला गेला. नेरेइदा एकटी राहिली आणि तिने मला रंगवायला सुरुवात केली.

आमच्याकडे डिसेंबर आला की घराला रंग द्यावाच लागतो. पोटाला चिमटा काढतील, पण नाताळाला जुन्या भिंती दाखवणार नाहीत. नेरेइदा भिंती रंगवून उरलेल्या रंगाचा डबा घेऊन परसात यायची. नवऱ्याची शिडी लावायची, पदर खोचल्यासारखा झगा गुडघ्याशी बांधायची आणि मला पायापासून मानेपर्यंत रंगवायची. एका वर्षी पिवळा, एका वर्षी हिरवा, एकदा तर गुलाबी. तोंडाने चालूच असायचे. “एबेर्तो असता तर म्हणाला असता, बाई, माचीनला लाली लावतेस काय? म्हणू दे. सगळं घर नटलं आणि तू एकटाच गंजका, असं बरं दिसत नाही.” एवढ्या मायेने मला दुसऱ्या कोणी हात लावला नव्हता. थरावर थर चढत गेले. पितळी निपले आधी बुजली, मग खिळ्याच्या डोक्यांसारखी दिसू लागली, मग ओळखूही येईनात.

आणि एक दिवस ट्रक आले. देशाचा तेलाचा धंदा पुन्हा उभा करायचे ठरले होते. बाहेरचे पाहुणे पैसा लावणार होते, पण आधी त्यांना काहीतरी चालताना दाखवायचे होते. आमच्या विभागाचे प्रमुख उर्दानेता यांनी त्यासाठी मला निवडले. रंगवलेला मी एकटाच होतो ना. इंजिनिअर म्हणून यामेलिस नावाची तरुणी आली आणि राखणदार म्हणून चिलीहून बोलावून घेतलेला एउदो.

त्याने माझ्या खांबावर थाप मारली. हात बापाचाच, पण थाप जरा भीत भीत पडली.

यामेलिस शिडीवर चढली, माझ्या मानेशी कान लावून उतरली आणि म्हणाली, “वरचं बेअरिंग उघडून बघायला हवं. क्रेन जानेवारीत मिळेल.”

“जानेवारीत मी कुठे असेन ते सांगा आधी,” एउदो म्हणाला. “साहेब म्हणालेत, पाहुण्यांसमोर हा हलला तर हा भाग चालू होणार. नाही हलला तर ट्रक दुसऱ्या गावाला. मग मी परत चिलीला, सांतियागोत सायकलवरून लोकांची जेवणं पोचवायला. घरी आईने माझं ताट नुसतं झाकूनच ठेवायचं.”

“मला कळतं रे. पण ह्याला कळत नाही,” ती माझ्याकडे बघत म्हणाली.

“म्हातारीचे गुडघे आता दुखतात, बाई. पाणी बाहेरून भरून आणावं लागतं.”

यामेलिसने बराच वेळ हातातला पाना फिरवला. तिचीही आई कुठेतरी असणार. शेवटी म्हणाली, “सगळी निपलं मोकळी कर. जमेल तेवढं वंगण भर. आणि त्या दिवशी ब्रेकच्या दांड्यावरून हात काढू नकोस.”

एउदो चाकूने रंग खरवडू लागला तशी नेरेइदा स्वयंपाकघरातून आली. नाताळासाठी मक्याच्या पिठाचे, सारण भरलेले हायाका केळीच्या पानात बांधत होती. हात पिठाचे होते.

“अरे, काय करतोस? परवाच दिलाय रंग.”

“म्हातारे, रंग दिलास की लिंपून टाकलंस? सगळी भोकं बुजलीत.”

“मला काय माहीत भोकं कुठली. तू होतास का इथे सांगायला?”

एउदोचा चाकू हळू चालू लागला. आई आत गेली, आणि तिने खिडकीतून त्याला एक गरम हायाका दिला. त्याने तो शिडीवर बसूनच खाल्ला. मानेचे या अंगाचे निपल त्याला सापडले. त्या अंगालाही एक असते, हे त्याला माहीत नव्हते. ते काम नेहमी बापच करायचा, आणि हा तेव्हा खाली उभा असायचा. मला ठाऊक होते, पण मला तोंड कुठे आहे?

पाहुण्यांच्या दिवशी मांडव घातला. नवी पांढरी हेल्मेटे घातलेल्या पाहुण्यांची रांग बसली. कर्ण्यावर नाताळची गाणी लागली. सगळी गल्ली कुंपणाला चिकटून उभी होती, आणि सर्वांत पुढे, नेमकी माझ्या तुळईखाली, ठेवणीतला झगा घालून नेरेइदा. शेजारणीला सांगत होती, “माझा मुलगा चालवणार आहे. आता इथेच राहणार.”

उसनी मोटर सुरू झाली. मी वाकलो. कितीतरी वर्षांनी मी वाकलो आणि वर आलो, आणि टाळ्या पडल्या. खोटे कशाला सांगू, मलाही बरे वाटले. पुन्हा वाकलो. तेव्हाच मानेत त्या अंगाला कोरडे घासायला लागले; बेअरिंग तुटले की तुळई खालीच येणार. आवाज बारीक होता. कुंपणापाशी कोणी म्हणाले, “म्हातारा गातोय बघा,” आणि लोक हसले. यामेलिस पाहुण्यांमधून उठून उभी राहिली. एउदोचा हात दांड्यावर होता.

उर्दानेता त्याच्या कानाशी येऊन म्हणाले, “थांबवू नकोस. भाषण होऊ दे. गाड्या निघाल्या की बंद कर.”

मी त्याचा चेहरा पाहत होतो. थोडा वेळ दम धरला असता तर कदाचित निभावले असते. त्याचे ताट घरी वाढले गेले असते. त्याने वर माझ्या मानेकडे पाहिले, मग खाली आईकडे. ती त्याला हात हलवून दाखवत होती. त्याने दांडा ओढला.

मी अर्ध्यावर थांबलो. कर्ण्यावरचे गाणे तेवढे चालू राहिले.

“पाहुण्यांसमोर?” उर्दानेतांनी दात आवळून विचारले.

“तुळई पाहुणे बघून पडत नाही, साहेब.”

“चूक माझी आहे,” यामेलिस पुढे येऊन म्हणाली. “क्रेन येईपर्यंत चालू करायला नको होता.” पण तिचे कोणी ऐकत नव्हते. पाहुणे घड्याळे बघत गाड्यांत बसले. संध्याकाळपर्यंत मांडव उतरला आणि ट्रक दुसऱ्या गावाला गेले. एउदोचे नाव त्यांच्याबरोबर नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शिडी लावून त्या अंगाला चढला. खिळ्याच्या डोक्यासारखे काहीतरी दिसले, ते त्याने चाकूने टोकरले. निळा पापुद्रा निघाला, मग गुलाबी, मग हिरवा, मग पिवळा. सगळ्यात खाली पितळ चमकले.

खालून नेरेइदाने विचारले, “काय झालं होतं रे त्याला?”

त्याने ते पापुद्रे मुठीत घेतले आणि खिशात टाकले.

“काही नाही. म्हातारा झालाय.”

मित्रांनो, मी थकलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. माझ्या वाट्याला निष्काळजीपणाही आला आणि मायाही आली, आणि दोन्हींनी माझे सांधे कोरडेच राहिले. तुमच्या घरात, गावात, देशात जे जे जुने उभे आहे, त्याला सजवण्याआधी विचारा, कुठे दुखते. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून ज्यांना आमचे ऐकू येते अशी माणसे तुमच्याजवळ राहू द्या. सुटे भाग जहाजाने परत मागवता येतात. माणसे तशी येत नाहीत.

नाताळ झाल्यावर एउदो निघाला. नेरेइदा कुंपणापर्यंत आली. तिने त्याच्या पिशवीत हायाका भरले होते, वाटेत पुरतील त्यापेक्षा जास्त.

“पुढच्या डिसेंबरात ये,” ती म्हणाली. “तोवर मी ह्याला छान रंगवून ठेवते.”

“ठेव,” तो म्हणाला. “फक्त वर चढू नकोस, म्हातारे. पडशील.”