चव्वेचाळीस किलोंची काजल

माझ्या मधल्या पुडाला पोचा आहे आणि कडी दोनदा बदललेली आहे. तरीही मित्रांनो, मी तीन पुडांचा जेवणाचा डबा आहे आणि अजून रोज कामावर जातो.

इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात माझ्या झाकणावर बाबनरावांचं नाव कोरलं गेलं. बाबनराव विणकर. घरचा हातमाग बंद पडला तेव्हा त्यांनी हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी धरली. एकोणीस वर्षं मी त्यांच्यासोबत कंपनीच्या बसने गेलो. ते निवृत्त झाले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. मग त्यांच्या मुलीला, काजलला, हिंगण्यातच गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम लागलं. तिच्या आईने, जनाबाईंनी, मला खाली काढून चिंचेने लखलखीत घासलं.

काजल उंच आणि काडीसारखी बारीक. वजन चव्वेचाळीस किलो. ती पोटभर जेवायची, पण तिची पाळी तीन-तीन महिने यायची नाही. हनुवटीवर राठ केस येऊ लागले. "खात नसशील," असं शेजारणी म्हणायच्या. शेवटी सोनोग्राफी झाली आणि पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा आजार, आहे असं कळलं. बारीक मुलींनाही तो होतो, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच महिन्यात कारखान्यात आरोग्य शिबिर भरलं. काजलने आजार सांगितला. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पीसीओएस? हा कागद घ्या."

कागदावर छापलं होतं : वजन पाच किलो कमी करा. भात, भाकरी, तेल बंद.

काजलने तो कागद खरा मानला. दुसऱ्या दिवसापासून माझ्यातली भाकर आणि वरण तिची मैत्रीण भूमिका खाऊ लागली. काजल काकडी चावत बसायची. संध्याकाळी ती मला नळाखाली धुऊन घरी न्यायची, आणि जनाबाईंना वाटायचं, पोरगी जेवली. मित्रांनो, मला खोटं बोलायला लावलं जात होतं आणि मला तोंड नव्हतं.

महिन्याभरात ती एक्केचाळीसवर आली. पाळी काही आली नाही. एका दुपारी हातात भाग मोजायचं माप धरलेलं असतानाच ती मशीनपाशी कोसळली. भूमिकाने तिला घरी आणलं आणि दारातच सांगून टाकलं, "काकू, हिचा डबा महिनाभर मीच खाऊन राहिली."

"काहून वं काजल?" जनाबाई खाली बसल्या.

"मले पाच किलो कमी करायचे आहेत, माय. नाहीतर बरं नाही होत."

"अन् कमी करायले तुह्यापाशी आहे काय?"

दुसऱ्या दिवशी जनाबाईंनी मला भरलं आणि काजलला घेऊन डॉक्टर चारुलतांकडे गेल्या. डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं आणि शिबिरातला तो कागद दोनदा वाचला.

"ज्यांचं वजन जास्त आहे, त्यांना ते कमी करून फायदा होतो," त्या म्हणाल्या. "तुमचं आधीच कमी आहे. उपाशी राहिलात तर पाळी आणखी लांबेल."

"मग मी खाऊ काय?"

"भाकर, डाळ, अंडी, भाजी. वेळेवर आणि पोटभर. गोड आणि पाकिटातलं कमी. स्नायूंना बळ येईल असा व्यायाम करा. आणि बारीक आहात म्हणून रक्तातली साखर तपासायचं टाळू नका."

काजलने तिथेच, दवाखान्याच्या बाकावर, मला उघडलं. आधी तिला रडू आलं, मग राग आला. रागातच तिने दोन भाकरी संपवल्या.

कारखान्यात बायका बघू लागल्या. एकीने विचारलंच, "पीसीओएस असून भाकर खाऊन राहिली?"

"हो," काजल म्हणाली, "अन् उद्या अंडी आणणार आहे."

सहा महिन्यांनी पुन्हा शिबिर भरलं. तोच माणूस, तोच कागदांचा गठ्ठा. जेवणाच्या सुट्टीत काजल मला हातात घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढे अबोली नावाची नवी मुलगी होती, तशीच बारीक. तिने पीसीओएस म्हणताच माणसाने कागद उचलायला हात पुढे केला आणि काजलने मला धाडकन त्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"आधी तिचं वजन विचारा."

"मॅडम, आम्ही सगळ्यांना हाच देतो."

"म्हणूनच तर बोलून राहिली. हा कागद पाळून मी मशीनपाशी पडली होती."

"डबा उचला."

"नाही उचलत."

मी तिन्ही पुडांनी भरलेला होतो. मित्रांनो, त्या गठ्ठ्यावर मी जेवढा जड झालो, तेवढा आयुष्यात कधी झालो नव्हतो. गलका ऐकून शिबिराच्या डॉक्टर आल्या. त्यांनी अबोलीला वजन विचारलं. ती हळूच म्हणाली, "त्रेचाळीस." डॉक्टरांनी खुर्ची ओढली, तिला समोर बसवलं आणि पंधरा मिनिटं तिचं ऐकलं. त्या दिवशी तो गठ्ठा कुणालाच वाटला गेला नाही.

काजलचा आजार पळून गेलेला नाही. पाळी कधी वेळेवर येते, कधी उशिरा. हनुवटीचे केस आहेतच. पण ती जेवते, व्यायाम करते, तपासण्या करते आणि कुणी अंगकाठीवरून बोललं तर सरळ उत्तर देते.

माझी एकच मागणी आहे, मित्रांनो. कुणी बारीक दिसलं म्हणून ते निरोगी आहे असं धरू नका आणि उपाशी आहे असंही धरू नका. आधी विचारा. आणि तुमच्या ताटातला घास कुणी न विचारताच काढायला लागलं, तर ताट घट्ट धरा.