माझा दुसरा थेंब

मित्रांनो, आधी ती चप्पल खाली ठेवा. मी एक म्हातारा विंचू आहे, चौदा नंबरच्या काचेच्या पेटीत राहतो आणि कुणाच्या वाटेला जात नाही. डोळे माझे आठ, पण नजर यथातथाच. पाय मात्र असे तिखट की खोलीत कोण आलं, कोण रागावलं, कोण खुशीत आहे, सारं मला जमिनीच्या थरथरीवरून कळतं.

माझं बालपण आईच्या पाठीवर गेलं. आम्ही बत्तीस भावंडं, तरी ती माउली कधी कुरकुरली नाही. पुढे मी एका विटांच्या ढिगाखाली घर केलं. शेजारी प्रयोगशाळेची भिंत बांधायचं काम चाललं होतं. एके दिवशी गवंड्याने वीट उचलली, मला पाहिलं आणि फावडं उगारलं. माझी शंभर वर्षं भरलीच होती! तेवढ्यात प्रयोगशाळेतले मदतनीस मामा धावत आले. "अहो थांबा, मारू नका! ताईंना हवाय तो!" आणि मी थाटात बरणीत बसून नोकरीवर रुजू झालो.

ताई तिथल्या संशोधक. प्राण्यांच्या विषातून मेंदूच्या कर्करोगावर औषध सापडतं का, हे त्या शोधत होत्या. माझ्या विषातला एखादा घटक चांगल्या पेशींना सोडून नेमक्या गाठीच्या पेशींना धरेल, अशी त्यांना आशा होती. हे ऐकून माझी नांगी अभिमानाने ताठ झाली! दर तीन आठवड्यांनी मामा चिमट्याने माझी शेपटी धरत, विजेची हलकी गुदगुली करत आणि नांगीच्या टोकावर आलेला थेंब नळीत घेत. बदल्यात मला एक जाडजूड रातकिडा मिळे.

प्रयोगासाठी गाठीच्या पेशी एका शिंपीण काकूंनी दिल्या होत्या. त्यांच्या डोक्यातली गाठ काढली होती, पण सुरी पोहोचत नाही अशा जागी तिची मुळं राहिली होती. त्या दर महिन्याला येऊन विचारत, "काही कळलं का हो?" बसल्या की त्यांचा उजवा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत राही आणि माझी पेटी थरथरे. पहिल्या दिवशी मला पाहून त्या "ई गं!" म्हणत मागे सरकल्या होत्या. मी मनाला लावून घेतलं नाही. थोडंसंच घेतलं.

पण कळत काहीच नव्हतं. दीड वर्ष माझं विष घालून झालं, गाठीच्या पेशी आपल्या मजेत वाढत होत्या! महिनाअखेर हे काम बंद करायचं ठरलं. मी चडफडत होतो, कारण खोट कुठे होती ते मला ठाऊक होतं. आमचा पहिला थेंब पाण्यासारखा स्वच्छ असतो, तो नुसता धाक दाखवायला. खरा ऐवज त्यानंतरच्या दुधाळ थेंबात! आणि मामा नेमका तोच दर वेळी कापसाने पुसून फेकून देत. मला वाचा असती तर खोलीचं छप्पर उडालं असतं.

शेवटच्या वेळी मामांची दाढ सुजली होती. म्हणून चिमटा ताईंनी घेतला. स्वच्छ थेंब नळीत पडला. एका हाताने गाल धरून मामा दुसऱ्या हाताने कापूस घेऊन पुढे सरसावले.

"थांबा मामा, हा पांढरा थेंब कुठे चाललाय?"

"तो नासका असतो ना ताई. मी पुसून टाकतो. आजवर तुम्हाला एकदम स्वच्छ माल दिलाय!"

"मामा! दीड वर्ष?"

मामांचा चेहरा पडला. ताईंनी मात्र स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "चूक माझी. एकदाही शेजारी उभं राहून बघितलं नाही मी."

तिसऱ्या दिवशी सकाळी जमीन हादरली. मला वाटलं भूकंपच! पण ताई उड्या मारत होत्या! दुसऱ्या थेंबाने प्रयोगाच्या काचेच्या बशीतल्या गाठीच्या पेशी आकसून गेल्या होत्या आणि शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशी जशाच्या तशा होत्या. मामा सुजल्या गालाने हसत होते. मी पेटीत गोल गोल फिरत राहिलो. समोरचा रातकिडा मी तसाच सोडून दिला, यावरून काय ते ओळखा!

काकूंना बोलावणं गेलं. त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या आणि त्यांचा पाय प्रथमच थांबला.

"या माझ्या?"

"तुमच्याच. पण काकू, खरं सांगते, बशीतलं यश म्हणजे औषध नव्हे. अजून बरीच वर्षं लागतील."

पाय थांबलेलाच होता. माझा जीव टांगणीला लागला.

"लागू देत. माझ्या वेळेला आलं तर आलं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. पण काम बंद तर नाही ना करणार?"

"आता? मुळीच नाही!"

आणि तो पाय असा सुटला म्हणता, माझी पेटी फळीवर नाचू लागली!

पुढच्या महिन्यात काकू काळं कापड घेऊन आल्या. मला उजेड सोसत नाही हे त्यांनी मामांकडून जाणून घेतलं होतं. बरोबर माझ्या पेटीच्या मापाचा अभ्रा शिवला होता, कडेला दुहेरी टीप. तो चढवताना त्या अगदी जवळ वाकून म्हणाल्या, "जप रे बाबा स्वतःला."

एका विंचवाला, मित्रांनो! आठही डोळ्यांचा काही उपयोग नाही, मला रडता येत नाही.

म्हणून एवढंच सांगतो. आमच्यापैकी कुणी दिसलं तर हात मुळीच लावू नका, मागे सरा, मोठ्या माणसाला हाक मारा. पण फावडं उगारलंच, तर एक क्षण थांबा. तो गवंडी तेवढाच थांबला होता.